अंगठा

एकतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये होतो, नाशिकरोडला.
रोज संध्याकाळी गेटवर झडती:
खिसे, डबा, चपलांचे तळवे.
कोरा कागदसुद्धा कधी माझ्यासोबत बाहेर आला नाही.

एकच कागद खोटा केला, तो घरी.
शरणपूरची खोली. बाबांना जाऊन महिना झालेला.
"पेन्शनचा आहे," म्हणालो,
आणि सलोमीताईचा अंगठा धरून शाईत दाबला.
शाई तिनेच पुसली,
माझ्या बोटांवरचीसुद्धा.

तेव्हापासून प्रभुभोजनाला मी मागच्या बाकावर.
पाळक म्हणायचे, या.
मी गुडघ्याचं दुखणं सांगायचो.
रामकुंडात बुडी मारणाऱ्यांचा कधीकधी हेवा वाटायचा,
निदान अंग तरी ओलं होतं.

परवा उपनगरला गेलो तिच्याकडे.
मेथी निवडत बसली होती.
पाठ केलेलं सगळं विसरलो,
नुसतंच म्हणालो, तो कागद पेन्शनचा नव्हता.

"माहीत आहे.
मिशनच्या बाईंनी शिकवलं होतं मला, तुझ्या लग्नाच्या वर्षी.
सगळा वाचला होता. वरून खालपर्यंत."

"मग अंगठा का?"

"सही केली असती
तर तुला कळलं असतं, मला कळलंय ते."

खरं सांगतो, आधी रागच आला.
बावीस वर्षं वाहिलेलं ओझं
पहिल्याच दिवशी कुणी उतरवून ठेवलेलं,
आणि मी आपला रिकामाच वाकून चालतोय.

तिने अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली.
"मुळं नीट काढ," म्हणाली, "माती राहते."