मिसेस ह्रुस्काच्या मागून

अक्कल गुडघ्यात असते म्हणतात.
माझ्या डाव्या गुडघ्यातली संपली, डॉक्टरांनी फोटो दाखवला,
उजव्यात अजून थोडी आहे,
ती आहे तोवर चालायला लागा.

मी मान हलवली.
मान हलवणं हाच माझा त्या वर्षीचा व्यायाम.

मुलाने घड्याळ पाठवलं, पावलं मोजणारं.
कणीक मळताना त्याने सातशे मोजली
आणि शाबासकी म्हणून मनगटाला गुदगुली केली.
मी दोन पोळ्या जास्तीच्या लाटल्या.

जन्माची आरंभशूर मी.
तळघरात सायकल आहे, जागची न हलणारी,
तिच्या हँडलवर श्रीरंगचे स्वेटर वाळतात.
योगाची चटई दिवाळीत चकल्यांच्या डब्यांखाली गेली
ती तेलाचे डाग घेऊनच परतली.
सोमवारपासून, म्हणायचे मी.
श्रीरंग विचारायचा, कुठल्या सालच्या?

मग जानेवारी. बाहेर उणे चौदा,
फुटपाथवर बर्फाची काच.
लायब्ररीतली बाई म्हणाली,
सकाळी सातला मॉल उघडतात, नुसतं चालणाऱ्यांसाठी.
गावाचं नाव यंग्जटाउन
आणि दाराशी थांबलेले आम्ही अकरा जण,
सगळे सत्तरी ओलांडलेले.

आत अर्धी दुकानं कायमची बंद.
कोरड्या कारंज्यात प्लास्टिकचं झाड,
काचेमागे उघडेबोडके पुतळे, काहींना हातही नाहीत,
तरी माझ्यापेक्षा ताठ.
एक फेरी केली आणि बाक गाठलं.

दुसऱ्या दिवशी आलेच नसते.
पण उठून पुन्हा चालू लागले तेवढ्यात
ती मागून आली आणि मला ओलांडून गेली.
मिसेस ह्रुस्का. वय त्र्याऐंशी, हे नंतर कळलं.
जांभळं जर्किन, तुरूतुरू पावलं,
जाता जाता म्हणाली, "गुड मॉर्निंग, डिअर."

त्या "डिअर"ने मला रात्रभर झोप लागू दिली नाही.

डॉक्टरांना जे जमलं नाही
ते एका जांभळ्या पाठीने केलं.
कुणाला पहाटे देव उठवतो, कुणाला शुगर,
मला मत्सर उठवायचा, साडेपाचला,
गजराच्या आधी.
खोटं कशाला बोलू या वयात?

फेब्रुवारीत ती चष्म्याच्या दुकानाशी असायची
तेव्हा मी अजून लिफ्टपाशी.
मार्चमध्ये आमच्यात फक्त दागिन्यांचं दुकान,
मग त्या दुकानाची एकच खिडकी,
मग तिच्या मानेवरचे बारीक पांढरे केस दिसू लागले,
क्लिपमधून सुटलेले.
एप्रिलमध्ये बर्फ गेलं. बाकीचे बागेत चालायला लागले.
आम्ही दोघी आतच.

एका मंगळवारी, बंद पडलेल्या बुटांच्या दुकानासमोर,
मी तिला गाठलं.
खांद्याला खांदा. काय बोलायचं
हे मात्र तीन महिन्यांत ठरवलं नव्हतं.

तिने मान न वळवता विचारलं,
"इतका वेळ का लावलास?
रोज मागून तुझे बूट ऐकते मी, कर्र कर्र, कर्र कर्र.
आज ही गाठणार, असं वाटायचं आणि मी पाय उचलायचे.
गेल्या हिवाळ्यात मागे कुणी नव्हतं,
दोन फेऱ्यांत बसायचे मी."

मी खाली माझ्या बुटांकडे पाहिलं.
सेलमधले. अर्ध्या किमतीचे.
आवाज करतात म्हणून परत करणार होते.

उरलेली फेरी आम्ही बरोबर चाललो,
तिच्या नातवाबद्दल, माझ्या गुडघ्याबद्दल बोलत,
फार हळू, इतकं हळू
की घड्याळाला वाटलं मी बसलेय,
आणि ते म्हणालं, आता उठा.

बुधवारी ती निघाली.
मी लेस बांधायला वाकले, वाकता येतं आता,
गरज नव्हती तरी दोनदा बांधली,
तिला चष्म्याच्या दुकानापर्यंत जाऊ दिलं,

आणि मग निघाले मागून,
टाचा जरा जास्तच दाबत,
कर्र कर्र,
कर्र कर्र.