छाट

कामाचं नाव मला तोंडपाठ आहे:
'नीलमनगरपुढील गल्ली येथे
श्री. गज्जेली यांचे घर ते श्रीमती नरसम्मा वडनाल यांचे घर
बंदिस्त गटार करणे.'
करणे.
आमच्याकडची सगळी कामं अशीच,
करणे, बसविणे, पुरविणे,
वाक्यात कर्ता कुठंच नाही.

तीन निविदा आल्या,
तिन्ही एकाच नेट-कॅफेतून, अकरा मिनिटांच्या आत.
सगळ्यात खालची सव्वीस टक्के कमी दरानं.
अंदाजपत्रक मीच केलेलं,
सव्वीस टक्के कमीनं सिमेंट कुणी देत नाही
हे मला माहीत होतं, वाळू तर नाहीच.
पण खालची ती खालची.

कार्यादेश कोरे बंधूंच्या नावावर.
कोरेंनी काम दिलं सात रस्त्यावरच्या भाच्याला,
भाच्यानं आपले पाच टक्के ठेवून यासीन नदाफला.
यासीनकडं एक मिक्सर, तोही हप्त्याचा,
आणि मंद्रूपकडची सहा माणसं.
यासीन वाईट नाही.
त्याची मागची तीन बिलं लेखा विभागात पडून आहेत,
तेवढ्यात गड्ड्याची जत्रा दोनदा येऊन गेली.
"खडी आहे साहेब, पैसा संपला," म्हणाला,
आणि गटार थांबलं
नरसम्माच्या दाराच्या सोळा मीटर अलीकडं.

मोजमाप पुस्तिकेत १८० आधीच लिहिलेलं होतं,
माझ्याच अक्षरात.
(वरच्या मजल्यावरून फोन येतो.
फोनला आकडा माहीत असतो.)

तरी टेप घेऊन गेलो.
पाच दिवसांनी नळ आलेला,
गल्लीभर धुणं, भांडी, बादल्यांवरून भांडणं,
आणि सगळ्यांचं सांडपाणी
गटारातून शिस्तीत चालत येऊन
तिच्या उंबऱ्याशी उघडं पडत होतं.

ती मांडीवर सूप घेऊन बसलेली,
पान, तंबाखू, दोरा.
टेपचं टोक तिनं पायाच्या अंगठ्याखाली धरलं,
हात रिकामे नव्हते म्हणून.

"किती आलं?"
"एकशे चौसष्ट."
"पाहिजे किती होतं?"
सांगितलं.
तिचे ओठ हलले, तेलुगूत काहीतरी मोजलं,
बोटं चालूच.
"अडीचशे बिड्या झाल्या की वो.
एकीला एक लावून ठेवल्या तर
माझ्या दारातून तुमच्या गटारीपर्यंत.
सकाळच्या चहाच्या आधी वळते मी तेवढ्या."

मग म्हणाली,
"आम्ही हजार घेऊन गेलो की चेकर बसतोय.
एक बारीक, एक जाड,
एकीचं तोंड नीट मुडपलेलं नाही,
काढली चिमटीनं बाजूला. छाट.
छाटीचा पैसा नाही,
पान-तंबाखू आमच्याच अंगावर.
तुमच्याकडं छाट कोण करतंय?"

मी टेप गुंडाळत राहिलो.
भिजलेली टेप लवकर गुंडाळत नाही.

ऑफिसात १८० वर आडवी रेघ मारली,
१६४ लिहिलं, सही केली, तारीख घातली.
आठवड्यानं फाईल परत:
'खाडाखोडीबाबत खुलासा सादर करावा.'
१८० बद्दल कुणी काही विचारलं नव्हतं.

खुलासा अजून लिहितोय.
यासीनचं चौथं बिल त्याच फाईलखाली अडकलंय.
तो दिवसाआड फोन करतो,
शिव्या देत नाही, तब्येत विचारतो,
ते जड जातं.

परवा नळाच्या दिवशी तिकडून गेलो, उगाच.
दारापुढं दोन शहाबादी फरश्या टाकलेल्या,
त्यांच्याखालून पाणी आपलं आपलं वाट काढत होतं.
मला पाहून ती काही बोलली नाही.
बोटं चालूच,
फक्त पाय जरा पुढं केला
आणि अंगठा उचलून धरला,
टेप आणलीय का म्हणून.