शिट्टी खणात आहे

साखर पेठेतल्या शाळेतलं आमचं उन्हाळी शिबिर.
फॉर्म मीच लिहिला होता.
खाली एक ओळ, सगळ्यांच्या फॉर्मवर असते म्हणून:
‘मूल शारीरिकदृष्ट्या सक्षम असावे.’
झेरॉक्सवाल्यानं दोनशे प्रती काढल्या.
कुणी काही म्हटलं नाही.

येमुलांची पद्मजा फाटकाशी यायची,
म्हणजे आणली जायची, चाकाच्या खुर्चीतून.
आई विड्यांची पानं आणायला निघालेली.
भिंतीची सावली साडेनऊपर्यंत टिकते,
म्हणून तिथं ठेवून जायची.
‘ठेवून’ हा शब्द तिच्या आईचाच.
सावली सरकली की पद्मजा सरकायची.
चार दिवस मी समजत होते,
हिला खो-खो बघायला आवडतं.

पाचव्या दिवशी ती बाहेरून ओरडली,
‘तोंड तिकडं करून बस की गं, फाऊल आहे!’
नियम तिला पाठ होते, मला नव्हते तेवढे.

फाटकातून आत तीन पायऱ्या.
कारखान्यातून चादरींच्या गाठींखालच्या फळ्या आणल्या.
पहिला उतार इतका उभा झाला
की खुर्ची मागं आली आणि माझ्या पायावरून गेली.
नख अजून काळं आहे.
दुसरा मुदस्सरच्या काकानं केला, लांबलचक,
पार पाण्याच्या टाकीपर्यंत,
त्यावरून मग सगळीच पोरं घसरायला लागली.

ती धावणार कशी, यावर
आम्ही मोठी माणसं अर्धा तास बोललो.
पोरांचं ठरून गेलं होतं.
‘खो-खोत आठ जण बसलेलेच असतात की, मॅडम.
ही आधीच बसलीय.
उठायची पाळी आली की ढकलणारा आणि ही मिळून एक गडी.’
पाणी चौथ्या दिवशी येतं आमच्याकडं,
तर हात धुतलेलं पाणी बादलीत धरून
मैदानावर शिंपडायचं, चाक रुतू नये म्हणून.
हेही त्यांचंच.

मुदस्सरला ऐकू येत नाही.
एका दुपारी नायना माझा डबा घेऊन आले.
एकतीस वर्षं मागावर, दोन्ही कान तिथंच राहिले.
खडखडाटात माणसं हातांनी बोलायची:
धागा तुटला. चहा. मालक आला. आज पगार नाही.
दहा मिनिटांत दोघांचं भांडण लागलं,
‘पाणी’ कसं दाखवायचं यावरून.
मुदस्सरचं पाणी ओठांशी, नायनांचं अंगठ्याशी.
मी बघत राहिले.
नायनांना आम्ही कधी अपंग म्हटलं नाही.
मागावरचा माणूस आहे, जरा जोरात बोला, म्हटलं
आणि जोरात बोलत राहिलो
वीस वर्षं, त्यांच्या हातांकडं न बघता.

आता सोमलिंगचं.
तो दोनच दिवस आला.
दुसऱ्या दिवशी टाकीमागं सापडला,
कानांवर हात, डोकं गुडघ्यांत.
आई म्हणाली, ‘नको हो मॅडम, त्याला लोकांत नाही जमत.’
मी म्हटलं, ‘उद्या या, होईल सवय.’
आणि पाठ वळताच शिट्टी वाजवली,
पुढचा डाव सुरू करायला.
मला कळायला पावसाळा उजाडला.

यंदा फॉर्मवर ती ओळ नाही.
तिच्या जागी: ‘तुमच्या मुलाला काय आवडत नाही?’
उत्तरं आलीत. वरण. गालाला हात लावलेला.
हरणं. पंख्याचा आवाज.
एकानं लिहिलंय, ‘शिबिर.’
शिट्टी खणात आहे.
डाव सुरू करायचा तर हिरवा टॉवेल हलवते,
आपल्याच गावचा, रंग सोडणारा.

सोमलिंगचा फॉर्म आलेला नाही.
मागच्या हजेरीत त्याच्या नावापुढं दोन बरोबरच्या खुणा
आणि मग रिकामे चौकोन, कागद संपेपर्यंत.
पत्ता बाळीवेशीतला.
ऊन उतरलं की जाऊ, असं तीन दिवस म्हणतेय.
आज उतरलंय.
चपला घातल्यात,
आणि दारात उभी राहून जुळवतेय
पहिलं वाक्य.