व्हीएक्सआय

गाडीखालून गजू हलगेकरचा आवाज:
"पहिली स्विफ्ट जड होती की हो,
दार मिटलं तर गल्लीला कळायचं.
दुसरीला लांबी आली.
तिसरीचा पत्रा अंगठ्यानं दाबून बघा."

उद्यमबागेतल्या शेडीत उभी आहे ती यांतली कुठलीच नाही.
बोनेट दुसरीचं, तवंदी घाटात चेपलेलं, ठोकून सरळ केलेलं.
डावं दार चंदगडहून आलं,
बिजागरी तासून बसवलं, रंग राहिलाच.
हब शेजारच्या फाउंड्रीतलं, अजून कोमट.

गिऱ्हाईक विचारतं, कागदावर मॉडेल कुठलं?
"पाना कोडो," गजू पोराला म्हणतो,
आणि गिऱ्हाइकाला, "च्या घ्या."

डिकीवरची अक्षरं कुणीतरी उपटलीत.
व्हीच्या जागी गोंदाचा पिवळा व्ही,
रॉकेलनं पुसला तरी
उन्हात परत दिसणारा.