कारण (तीन ओळींत)

मुख्य कार्यालयाचा फॉर्म आलाय.
वस्तू : कॉफी मशीन. नग : दोन.
(दोन मागितले की एक मिळतं, इतकं मला कळतं.)
किंमत, पुरवठादार, हमीची मुदत, सगळं भरलं.
उरलाय एक रकाना : आवश्यकतेचं कारण.
खाली तीन ओळी आखलेल्या,
तिसरी तर पाऊणच.

सकाळचे सहा. बाहेर उणे सत्तावीस.
सूर्याला अजून साडेतीन तास.
प्लायवूडच्या कारखान्यात रात्रपाळी सुटतेय,
हौदात बर्चचे ओंडके गरम पाण्यात डुंबताहेत,
आणि आज माणसांसाठी मात्र
अख्ख्या इमारतीत काही वाफाळत नाही.

काय लिहू?
की इल्पो कार्टुनेनच्या उजव्या कानाला
लाकूड सोलणाऱ्या यंत्रानं एकतीस वर्षांत बूच मारलंय,
डाव्याचाही आता भरवसा नाही,
म्हणून तो कॉफी होईपर्यंत मशीनवर पंजा ठेवून उभा राहतो,
गाभण गाईच्या कुशीवर ठेवावा तसा,
आणि शेवटची गुरगुर तळव्याला लागली
की वळून सगळ्यांना सांगतो :
झाली.

की मुन्धिर, गोंदाच्या लाइनवरचा, मूळचा बसऱ्याचा,
पहिले चार महिने कोपऱ्यात उभा राहून प्यायचा.
एकदा त्यानं तळहातावर एक वेलदोडा धरला,
भांड्याकडे बोट केलं, भुवया उंचावल्या.
साइमीनं हुंगून पाहिला.
म्हणाली, हा तर माझ्या आईच्या गोड पावाचा वास.
तेव्हापासून गुरुवारी वेलदोडा असतो,
आणि मुन्धिरला खुर्ची.

साइमीच्या डब्याचं लिहायला नको.
डब्यात नाणी, झाकणाखाली यादी, पेन्सिलीनं :
कोणी किती कप प्यायला, कोणाचे पैसे थकले.
मागच्या वसंतात एकाचं घर मोडलं.
यादीतलं ते नाव तिनं खोडरबरानं पुसलं,
कागद भोक पडेपर्यंत.
ही नोंद कुठल्या हिशेबात धरायची?

काचेच्या भांड्याची मूठ तारेनं बांधलेली.
शेवटचा कप ओतणाऱ्यानं नवी कॉफी लावायची, हा नियम.
म्हणून तळाशी घोटभर ठेवून पळणारे तिघे,
त्यांची नावं अख्ख्या कारखान्याला पाठ.
भांडणं झालीत त्यावरून. खरी, कप आपटून.
ज्या माणसांनी पगारवाढीच्या वेळी
तोंडातून ब्र काढला नाही, त्यांची.

आणि नोव्हेंबरातला तो दिवस,
एकोणीस नावं भिंतीवर लागली तो.
कोणी बसलं नाही. कोणी ओतून घेतली नाही.
भांडं तापत राहिलं, कॉफी आटून डांबर झाली.
शेवटी व्यवस्थापक हुत्तुनेन स्वतः आत आला,
नवी करतो म्हणाला,
आणि एकेक कपाट उघडत राहिला.
बारा वर्षं इथे आहे.
कप कुठे असतात, माहीत नव्हतं त्याला.

हे तीन ओळींत मावत नाही.
मी पहिल्या ओळीत लिहिते : जुनं मशीन गळतं.
दुसऱ्या ओळीत : शॉक लागण्याची शक्यता.
खोटं नाही. सोमवारी ठिणगी उडाली,
तेव्हापासून बंदच आहे.

इतक्यात पाळी संपवून इल्पो येतो.
मशीनच्या पोटावर चिठ्ठी लावलीय, वापरू नये.
ती तो वाचत नाही.
हातमोजा काढतो,
सवयीनं पंजा ठेवतो,
थांबतो. जरा जास्तच थांबतो.
मग वळून, खोलीत मी एकटीच असताना,
सगळ्यांना सांगावं तसं सांगतो :
थंड आहे.

तेच मी तिसऱ्या ओळीत लिहिते.
पाऊण ओळीत बसतं.

मुख्य कार्यालयाला वाटेल,
बाईनं हवामान कळवलंय.
वाटू दे. तिकडे दक्षिणेला
आज उणे चारच आहे म्हणे.