उतार

आमच्या खोऱ्यात मार्चचा बर्फ पहाटे काच असतो,
अकरानंतर ओलं मीठ.
म्हणून बायकांची शर्यत नऊला.
मी सातपासून खाली, शेवटच्या रेषेपाशी,
लाकडी खोपटात, मांडीवर घोंगडी.
उतारवयात उताराच्या पायथ्याशी बसायचं काम मिळालं.
समोर तीन घड्याळं. तिसरं स्टानेचं.
तो गेल्यापासून रोज चार सेकंद मागं पडतं.
मी ते लावत नाही.

काम साधं आहे. आलेल्या वेळेला गुणायचं.
एका पायावर येणारीचा गुणक वेगळा,
न दिसणारीचा वेगळा,
बसून येणारीचा वेगळा, आणि बसणाऱ्यांतही
जिला कंबरेखाली काही कळत नाही
आणि जिला बरगड्यांपासूनच काही कळत नाही,
त्यांचे सेकंद सारख्या लांबीचे नाहीत.
ऐंशी सेकंद कागदावर बासष्ट पूर्णांक चार होतात.

ल्युब्लियानाहून आलेल्या वार्ताहर पोरानं विचारलं,
"म्हणजे हा खरा वेळ नव्हे?"
मी म्हटलं, तुझ्या आजीला तिसरा मजला चढायला किती लागतो?
"दहा मिनिटं."
आणि तुला?
तो थांबला. लिहिलं काहीच नाही.
चहा मात्र माझ्याच थर्मासमधला प्यायला.

पहिली आली ल्यूबा.
खरं तर पहिली आली मायदा, तिच्या चार हात पुढं,
नारिंगी बंडी, तोंडाचा पट्टा चालू:
डावीकडे, डावीकडे, दाब, उसळी येतेय, आता!
ल्यूबा त्या आवाजाचं बोट धरून
ताशी नव्वदनं.
रेषा ओलांडल्यावरही मायदा बोलतच होती,
कुंपण, कुंपण, थांब, बस, पोचलो.
मग दोघी गप्प.
इतक्या गप्प, की मला माझी घड्याळं ऐकू आली.

मग वर टिंकारा.
ओंडका घरंगळला तेव्हा एकोणीसची होती,
बापाच्याच रानात.
बाप दर शर्यतीला येतो, वर कधी जात नाही.
कुंपणाला टेकून हातमोजे बघत राहतो.
एका स्कीवर बसवलेली खुर्ची, खाली जाड स्प्रिंग,
दोन्ही हातांत आखूड कुबड्या, टोकांना चिमुकल्या स्की.
पाच टिकटिक. शेवटची लांब.

पळ, असं तिला कुणी ओरडत नाही.
पळ तर माझ्याकडे आहेत, मोजायला.

पहिला आकडा हिरवा.
दुसरा हिरवा.
तिसरा इतका हिरवा, की पोरानं कप खाली ठेवला.
लार्चच्या झाडांपाशी उसळी आहे,
तिथं वारा आडवा येतो, हे आम्हा गावकऱ्यांना ठाऊक.
तिलाही ठाऊक होतं. तिनं वेग आवरला नाही.

चौथा आकडा उमटलाच नाही.

वहीत अशा वेळी शून्यही लिहीत नाहीत,
नुसती रेघ.
रेघेला गुणक नसतो.

बऱ्याच वेळानं घसरगाडी आली, दोन माणसं धरून.
आधी दिसला तिचा हात, वर केलेला, मूठ वळलेली.
गालावर ओरखडा.
माझ्या खोपटापाशी तिनं त्यांना थांबवलं.
"तिसऱ्या खुणेपर्यंत किती?"
मी पेन्सिल उचलली, गुणू लागले.
"नको. कच्चा सांग."
"एकावन्न पूर्णांक शून्य सात."

ती हसली. दातांवर बर्फ होता आणि थोडं रक्त.
मग बापाकडे वळून तिनं तो आकडा
पुन्हा म्हटला, सावकाश,
जणू नव्या घराचा पत्ता सांगत होती.
त्यानं पहिल्यांदाच मान वर करून डोंगराकडे बघितलं.

मी एकावन्न पूर्णांक शून्य सात
समासात लिहिलं, रकान्यात नव्हे.
पंच म्हणाले, खोडा.
खोडरबर खिशातच होता, शोधत राहिले.
उन्हात बर्फाचं मीठ होऊ लागलं होतं.
वर पुढची तयार.
पाच टिकटिक.