ठराव क्रमांक चौदा

टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं लांजेवाराच्या.
ज्याची गाडी मोजायची त्यालाच म्हटलं,
धर बा, सैल नको सोडू.
वीस फूट नऊ इंच.
ठरावात वीस लिहिलं आहे.

हरिचंद लांजेवार, तुमसर डेपो, वेल्डर, रिटायर.
लिलावात एसटीचा मागचा अर्धा तुकडा घेतला,
खाली ट्रॉलीची चाकं जोडली,
आत खाट, शेगडी, पाण्याची टाकी.
सीटा सगळ्या काढल्या, बत्तीस-तेहतीस ठेवल्या,
कारण यमुनाबाईंना खिडकी लागते.

आजवर तीनदा निघाली ही गाडी.
दोनदा नवेगावच्या तलावावर,
एकदा साकोलीच्या अलीकडून पंक्चर होऊन परत.
बाकी वर्षभर गल्लीत,
आणि दुपारची यमुनाबाई तिच्यात बसून
लाखोळीची डाळ निवडते,
तोंड गोंदियाकडे.

सभेत दोन तास गेले.
कोणी म्हणे घर आहे, टॅक्स लावा.
रजिस्टरात रकाने दोनच, कच्चं आणि पक्कं.
कोणी म्हणे वाहन आहे.
मग इंजिन कुठाय?
बोपचे उठले:
तणसीची ट्रॉली चालते,
उपसरपंचाचं हार्वेस्टर शाळेसमोर सहा महिने चालते,
आत माणूस झोपला का काहून नाई चालत?
ग्रामसेवक म्हणाले, ते शेतीचं अवजार आहे,
आणि लिहून टाकलं:
‘वीस फुटांपर्यंतचे, चाकावरील कोणतेही निवासयोग्य साधन
गावठाणात एकाच जागी
सात दिवसांपेक्षा अधिक उभे राहू नये.’
मी झेरॉक्स दारावर चिकटवली.
शिपायाला एवढंच येतं, डिंक लावणं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मागचा बंपर कापला
आणि टपावर चढायची शिडी.
एकोणीस फूट अकरा.
शिडी आता त्याच्या पेरूच्या झाडाला टेकलेली आहे,
कोंबड्या चढतात.
‘एकाच जागी’च्या खाली
त्यानं लाल पेन्सिलीनं रेघ मारली होती.

आठव्या सकाळी सहा जण आले आणि गाडी ढकलली,
यमुनाबाई आतच.
ब्रेक नाही, म्हणून दोन पोरं विटा घेऊन चाकांसोबत धावत.
मेश्रामाच्या दारात थांबली.
त्याच्या पोरीनं तिथं बारावीचा अभ्यास केला,
घरात टीव्ही बंद होत नाही म्हणून.
मग टेंभऱ्यांच्या दारात.
टेंभरे सात दिवस ओरडले,
माझा उजेड अडला, माझा वारा अडला.
आठव्या दिवशी विचारायला आले,
मंगळवारीच काहून नेता,
बुधवार नाई चालत का?

बोडीच्या काठाला वळण आहे, तिथं तीन तास लागले.
मंडईच्या आठवड्यात दंडारीची पोरं तिच्यातच रंगली,
आरशाला पिवळा रंग अजून आहे.
अख्ख्या गावानं पाहुणचार केला त्या अर्ध्या एसटीचा,
म्हणजे असं लिहायला बरं वाटतं;
खोब्रागड्यांनी पाणीसुद्धा दिलं नाही.

अकराव्या खेपेला माझं दार आलं.
नोटीस माझ्याच खिशात, सही व्हायची बाकी.
बायकोला म्हटलं, प्रमिला, सातच दिवस, सहन कर.
ती काही बोलली नाही.
संध्याकाळी घरात दिसेना,
जेवण झाकून ठेवलेलं.
गाडीत होती, बत्तीस नंबरवर,
पदर मांडीवर, पाय तेहतीसवर.
यमुनाबाई खाटेवर झोपलेल्या.
लग्नाला बावीस वर्षं झाली,
नागपूर तेवढं पाहिलं आम्ही,
तेही मेडिकलच्या वऱ्हांड्यातलं.

मागच्या दारावर जुनी अक्षरं तशीच आहेत,
लांजेवारानं त्यावर रंग दिला नाही:
संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग.
प्रमिला ते पुन्हा पुन्हा वाचत होती,
मग म्हणाली, कुठवर आलो?
मी बाहेर पाहिलं. आपलाच गोठा.
म्हटलं, साकोली गेली.

आज रजिस्टरात तारीख टाकली,
पुढे लिहिलं: दिवस सहावा.
कालही सहावाच लिहिला होता.